बेतुलची सही: कतारचा गॅस, आठ माणसे आणि भारताचे आखाती धोरण

६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्याच्या केपे तालुक्यातल्या बेतुल गावी, साळ नदी जिथे समुद्राला मिळते तिथून जवळच, ओएनजीसीच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात ‘इंडिया एनर्जी वीक’चे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच दिवशी तिथे पेट्रोनेट एलएनजी आणि कतारएनर्जी या दोन कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. २०२८ पासून पुढची २० वर्षे कतारने भारताला दरवर्षी ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, पुरवायचा, असा तो करार.

सहा दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, कतारच्या तुरुंगातले भारतीय नौदलाचे आठ माजी कर्मचारी सुटल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले. चारच महिन्यांपूर्वी त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. आणि १४ फेब्रुवारीला पंतप्रधान संयुक्त अरब अमिरातीहून थेट दोह्याला गेले.

फोंड्यात पदवीच्या वर्गाला मी हे प्रकरण शिकवतो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात आहे. त्यामुळे पहिला प्रश्न दर वर्षी तोच येतो, “सर, म्हणजे गॅसच्या बदल्यात माणसं सोडवली?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, म्हणूनच हे प्रकरण शिकवण्याजोगे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वाढत्या अर्थव्यवस्थेचे परराष्ट्र धोरण इंधनाची गरज ठरवते ते शिखर परिषदांच्या भाषणांतून नव्हे. आपण कोणाशी किती वर्षांसाठी बांधून घेतो, तिथे ते ठरते. बेतुलला आपण २०४८ पर्यंत बांधून घेतले.

गरज कुठून आली

भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. गॅसचे गणित तितके ठाऊक नसते. देशाच्या एकूण ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास. तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा, असे सरकारचे जाहीर उद्दिष्ट. लागणाऱ्या गॅसपैकी साधारण निम्मा बाहेरून येतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ साठ्यातून भरपूर गॅस मिळेल, अशी एके काळी आशा होती, पण २०१० नंतर तिथले उत्पादन झपाट्याने घसरले आणि आयातीला पर्याय उरला नाही.

आयात करायची तर दोनच वाटा आहेत, नळ किंवा जहाज. चीनला रशियाकडून आणि मध्य आशियातून जमिनीवरून नळाने गॅस मिळतो. आपल्याकडे परदेशातून गॅस आणणारी एकही नळवाहिनी नाही. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीवर वर्षानुवर्षे बैठका झाल्या, तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे येणाऱ्या वाहिनीवरही झाल्या. दोन्ही वाटा पाकिस्तानातून येतात. शेजाऱ्याशी न पटल्याची किंमत आपण अशी जहाजाच्या भाड्यात मोजतो. गॅस उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचे द्रव होते आणि आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते. मग तो खास बांधणीच्या जहाजांतून आणायचा, दहेज, कोची, दाभोळ अशा बंदरांवर पुन्हा वायुरूप करायचा आणि नळांत सोडायचा. द्रवीकरणाच्या कारखान्यात विकणाऱ्याचे अब्जावधी डॉलर अडकतात आणि टर्मिनल, टाक्या, नळ यांत घेणाऱ्याचे. म्हणून दोघेही वीस-पंचवीस वर्षांचे करार करतात.

तेलाचे तसे नसते. २०२२ पूर्वी आपल्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. युक्रेन युद्धानंतर स्वस्त मिळू लागले तसा तो वर्षभरातच एकतृतीयांशाच्या घरात गेला. टँकर वळवला, शुद्धीकरण कारखान्यात थोडे फेरफार केले, झाले. त्याचे राजकीय मोलही मोजावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणासाठी भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले. तरी तेलात आज इकडे, उद्या तिकडे करता येते. गॅसमध्ये ती मोकळीक फार थोडी. भारताच्या रशियाविषयीच्या भूमिकेची चर्चा चौकाचौकांत होते आणि कतारविषयीच्या भूमिकेची होतच नाही, हे मला खटकते. माझ्या मते दुसरी गाठ अधिक पक्की आहे.

एका साठ्याची दोन टोके

कतारच का, याचे उत्तर नकाशात आहे. इराणच्या आखाताखाली जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक वायूचा साठा आहे. त्याचा एक भाग कतारच्या हद्दीत, त्याला नॉर्थ फील्ड म्हणतात. दुसरा इराणच्या हद्दीत, तो साउथ पार्स. तळाशी साठा एकच, वर दोन देश. भारताने दोघांशीही करार केले होते.

कतारशी केला तो जुलै १९९९ मध्ये, पुरवठा सुरू झाल्यापासून सुमारे २५ वर्षांचा. त्यासाठी १९९८ मध्ये ओएनजीसी, इंडियन ऑइल, गेल आणि भारत पेट्रोलियम या चार सरकारी कंपन्यांनी मिळून पेट्रोनेट काढली होती. गुजरातेत दहेजला टर्मिनल बांधले आणि २००४ च्या सुरुवातीला तिथे पहिले जहाज लागले. कोकणात त्याच काळात दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प आयात गॅसच्या भरवशावर उभा राहत होता आणि कोसळतही होता. आयातीचा गॅस म्हणजे बुडीत धंदा, अशी त्या वेळी मराठी माणसाची पक्की समजूत झाली होती. दहेज चालले, कारण मागे चार सरकारी कंपन्या होत्या आणि गॅस घेणारे खत व वीज कारखाने आधीच नळाला जोडलेले होते.

इराणशी करार झाला जून २००५ मध्ये, २५ वर्षे दरवर्षी ५० लाख टनांचा. तो कागदावरच राहिला. किमतीवरून वाद झाला, इराणचा द्रवीकरण कारखाना उभा राहिला नाही, आणि सप्टेंबर २००५ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणच्या विरोधात मत दिले. अमेरिकेशी नागरी अणुकराराची बोलणी तेव्हा ऐन भरात होती. पुढे निर्बंध आले आणि २०१९ च्या मे महिन्यापासून इराणचे कच्चे तेल घेणेही आपण थांबवले.

म्हणजे त्याच साठ्यातला गॅस एका टोकाने वीस वर्षे येत राहिला आणि दुसऱ्या टोकाने एकदाही आला नाही. इंधनाची गरज परराष्ट्र धोरण ठरवते, हे विधान मी वर्गात सरसकट करू देत नाही ते यामुळे. इराणच्या बाबतीत धोरणाने इंधनाला मुरड घातली. कतारच्या बाबतीत तशी वेळ आली नाही, कारण कतारच्या अल उदैदमध्ये अमेरिकेचाच मोठा लष्करी तळ आहे. वॉशिंग्टनला न दुखावता मिळणारा गॅस तो कतारचा. दिल्लीने ही निवड जाणूनबुजून केली, असे मला वाटते, आणि त्यात गैरही काही नव्हते.

२०१५: घेणाऱ्याची पाळी

पहिली पाच वर्षे कतारचा गॅस अडीच डॉलरच्या आसपास, जवळपास स्थिर दराने मिळाला. (हा दर एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापाचा. पुढचे सगळे डॉलरही त्याच मापाचे.) त्यानंतर दर कच्च्या तेलाच्या किमतीला जोडला गेला, पण मागच्या ६० महिन्यांच्या सरासरीला. तेल महाग होत असताना ही सरासरी आपल्या फायद्याची होती. २०१४ च्या उत्तरार्धात तेल कोसळले आणि तीच अट आपल्यावर उलटली. बाजारात सुटा गॅस सहा-सात डॉलरला मिळत असताना करारातला गॅस बारा-तेरा डॉलरला पडू लागला.

करारात टेक ऑर पेचे कलम होते. ठरलेला माल घ्या, नाहीतर न घेताही पैसे भरा. पेट्रोनेटने २०१५ मध्ये ठरल्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश माल कमी उचलला. दंड सुमारे १२ हजार कोटी रुपयांचा होत होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण इथे गरजवंताने पुष्कळ अक्कल दाखवली. करार मोडला नाही, न्यायालयात गेला नाही, नुसती मागणी लांबवली आणि बोलत राहिला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचे नवे कारखाने बाजारात उतरत होते, आणि कतारला पुढच्या वीस वर्षांचे गिऱ्हाईक दंडाच्या रकमेपेक्षा मोलाचे वाटले. ३१ डिसेंबर २०१५ रोजी सुधारित करार झाला. गॅसचा दर ब्रेंटच्या, म्हणजे जागतिक बाजारात मानक मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाच्या, तीन महिन्यांच्या सरासरीला जोडला गेला, जवळपास निम्म्यावर आला आणि दंड माफ झाला. बदल्यात भारताने दरवर्षी आणखी दहा लाख टन घ्यायचे कबूल केले.

वर्गात मी या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ थांबतो. मोठ्या गिऱ्हाइकाची ताकद पाहायची असेल तर ती इथे दिसते. ही ताकद बाजार पडलेला असतानाच चालते, हे लक्षात ठेवावे लागते. सात वर्षांनी वारे फिरले.

२०२२: विकणाऱ्याची पाळी

गेलने रशियाच्या गाझप्रॉमशी २०१२ मध्ये वीस वर्षांचा करार केला होता. माल गाझप्रॉमच्या एका जर्मन उपकंपनीमार्फत यायचा. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीने ती उपकंपनी ताब्यात घेतली आणि मे २०२२ पासून भारताकडची जहाजे थांबली. युरोपला रशियन गॅसला पर्याय हवा होता आणि युरोपकडे पैसा होता. सुट्या बाजारात दराने विक्रम केला. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानच्या एलएनजी निविदेला एकही बोली आली नाही आणि तिथे तासन्‌तास वीज जात होती. भारतानेही त्या वर्षी आयात कमी केली, काही कारखान्यांनी दुसरे इंधन वापरले. गेलची नुकसानभरपाई पुढे २०२५ च्या जानेवारीत साडेअठ्ठावीस कोटी डॉलरवर मिटली. पण २०२२ मध्ये गॅस हवा होता तेव्हा पैशाने तो भरून निघणारा नव्हता.

कतारची जहाजे मात्र त्या साऱ्या वर्षात येत राहिली, करारातल्या दराने. आधी २०१७ मध्येही तेच घडले होते. ५ जून २०१७ ला सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तो आखाती देशांचा आपसातला प्रश्न असल्याचे सांगितले आणि भारताने कोणाचीच बाजू घेतली नाही. सौदी आणि अमिरातीकडून तेल, कतारकडून गॅस, आणि तिन्ही देशांत लाखो भारतीय कामगार. बाजू घ्यायची म्हटले तरी घेणार कशी? दिल्लीतल्या काही भाष्यकारांनी त्या वेळी याला कचखाऊपणा म्हटले. मला ते पटत नाही. ज्याचे घर तिघांच्या पुरवठ्यावर चालते तो तिघांच्या भांडणात गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याने घरात दिवा लागतो हेही खरे असते.

पण गप्प राहण्याची सवय दुसऱ्या बाजूनेही काम करते. ५ जून २०२२ रोजी, तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू दोह्यात पाहुणे असतानाच, कतारने भारताच्या राजदूतांना बोलावून भारतातल्या सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांच्या प्रेषित महंमदांविषयीच्या विधानांबद्दल निषेध नोंदवला. पक्षाने त्याच दिवशी कारवाई केली. देशातल्या देशात आठवडाभर चाललेली टीका जे करू शकली नव्हती ते आखातातल्या संतापाने झाले. त्या विधानांविषयी कोणाचे मत काहीही असो, एवढा मोठा देश बाहेरच्या शब्दाला इतक्या लवकर हलतो याचा अर्थ परराष्ट्र धोरणाच्या विद्यार्थ्याने लावायलाच हवा.

आठ माणसे

ऑगस्ट २०२२ मध्ये कतारने या आठजणांना ताब्यात घेतले. ते तिथल्या एका खासगी संरक्षणविषयक कंपनीत काम करत होते. आरोप दोन्ही सरकारांनी अधिकृतपणे उघड केले नाहीत. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी फाशीची शिक्षा झाली. परराष्ट्र मंत्रालयाने तीव्र धक्का बसल्याचे म्हटले, सर्व कायदेशीर मार्ग तपासत असल्याचे सांगितले, आणि त्यापलीकडे शब्द वाढवला नाही. १ डिसेंबरला दुबईच्या हवामान परिषदेत पंतप्रधान कतारच्या अमिरांना भेटले. २८ डिसेंबरला अपील न्यायालयाने फाशी रद्द करून तुरुंगवासाची शिक्षा दिली. फेब्रुवारीत सुटका.

आता वर्गातल्या प्रश्नाकडे येऊ. गॅसच्या बदल्यात माणसे?

बेतुलचा करार सुटकेसाठी म्हणून झाला नाही, असे मी ठामपणे सांगतो. आधीचा करार २०२८ मध्ये संपणार हे तो झाला तेव्हापासून ठाऊक होते. ७५ लाख टनांची जागा दुसरीकडून भरून काढणे सोपे नव्हते, कारण भारताच्या एलएनजी आयातीत एकट्या कतारचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. आठजण तुरुंगात नसते तरी हा करार करावाच लागला असता. कतारलाही तो हवा होता. नॉर्थ फील्डच्या विस्तारातून वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांची क्षमता आधी १२ कोटी ६० लाखांवर न्यायची होती. चिनी कंपन्यांनी २७ वर्षांचे करार करून टाकले होते. उरलेला माल घेणारे मोठे गिऱ्हाईक आशियात भारतच. वर जानेवारी २०२४ च्या शेवटी अमेरिकेने नव्या गॅस निर्यातीच्या परवानग्यांना तात्पुरती स्थगिती दिली होती. बेतुलला दोन्ही बाजू गरजेने आल्या होत्या.

तरी गॅसचा या सुटकेशी काहीच संबंध नाही, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. वीस वर्षे दर आठवड्याला जहाजे येत-जात असली की दोन राजधान्यांत फोन उचलणारी माणसे तयार होतात. एकाने दुसऱ्याला अडचणीत सांभाळल्याच्या आठवणी असतात, २०१५ सारख्या. फाशीची शिक्षा दोन महिन्यांत बदलते ती अशा ओळखीवर. ३१ ऑगस्ट २०२१ ला, काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर पंधरवड्यातच, भारताच्या राजदूतांनी तालिबानच्या प्रतिनिधीची पहिली जाहीर भेट घेतली तीही दोह्यातल्या आपल्या दूतावासात. कतार हा आपल्यासाठी गॅस विकणारा देश तर आहेच. ज्यांच्याशी थेट बोलता येत नाही त्यांच्याशी बोलण्याचे ते दारही आहे.

ही नाण्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की आठजणांना घरी यायला सुमारे दीड वर्ष लागले, आणि त्यातला एकजण इतरांबरोबर परतलाही नाही. एवढा मोठा ग्राहक असूनही खरेदी थांबवण्याची धमकी भारताला कधीच देता आली नाही. देऊन उपयोगही नव्हता, कारण थांबवणे शक्य नाही हे समोरच्याला आपल्याइतकेच ठाऊक होते. मोठी मागणी असली की दार उघडते, पण आवाज चढवता येत नाही. या प्रकरणातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट उचलावी असे मला वाटत असेल तर ती ही.

करारातली बारीक अक्षरे

बेतुलच्या बातम्यांत आकडा गाजला तो बचतीचा. जुन्या सूत्रात ब्रेंटच्या ठरावीक टक्केवारीवर अर्ध्या डॉलरहून थोडा जास्त स्थिर आकार होता, नव्यात तो नाही. एकूण बचत दर एककामागे ०.८ डॉलरच्या आसपास, वीस वर्षांत सुमारे सहा अब्ज डॉलर, असा अंदाज वृत्तपत्रांनी सूत्रांच्या हवाल्याने छापला. चांगलेच आहे. पण परराष्ट्र धोरणाच्या अंगाने मला दोन वेगळ्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली जहाजांची. जुना करार एफओबी पद्धतीचा होता. माल कतारच्या रास लाफान बंदरात आपल्या जहाजात पडला की पुढची जबाबदारी आपली. त्यासाठी शिपिंग कॉर्पोरेशनच्या भागीदारीतली ‘दिशा’, ‘राही’ आणि ‘असीम’ ही जहाजे वर्षानुवर्षे दहेजच्या फेऱ्या करत आली. नवा करार डीईएस पद्धतीचा आहे. माल दहेजला पोचवून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची. मधे आहे होर्मुझची सामुद्रधुनी. जगातल्या एलएनजी व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून जातो आणि कतारला दुसरा समुद्री रस्ताच नाही. वाटेतला धोका कोणाच्या डोक्यावर, हे डीईएसने कतारच्या बाजूला सरकवले. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धात इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या बाजूने ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी अल उदैदवर क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा या अटीचे मोल कोणालाही कळावे. अर्थात कागदावरचा धोका सरकला म्हणून दहेजची टाकी भरत नाही. सामुद्रधुनी अडली तर पैसे कोणाचे बुडाले हा नंतरचा वाद, गॅस आपल्याला मिळणार नाही हे आधी.

आणि यात आपण काही गमावतोही. एलएनजीची जहाजे चालवायचे कौशल्य भारतीय खलाशांनी त्या तीन जहाजांवर कमावले. गोव्याच्या सासष्टीतल्या घराघरांत तारवटी आहेत, त्यामुळे इथे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या जहाजाने माल येणार असेल तर ते कौशल्य टिकवायला वेगळे धोरण लागेल. स्वावलंबनाची भाषा रोज होते, मग या कलमावर संसदेत तासभर तरी चर्चा व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

दुसरी अट गॅसच्या घटकांची. आजवर कतारहून येणाऱ्या गॅसमध्ये इथेन आणि प्रोपेन भरपूर असत. दहेजला ओएनजीसी ते वेगळे काढते आणि तिथल्या पेट्रोरसायन प्रकल्पाला पुरवते. त्यावर तिथला प्लास्टिकचा बराच कारभार चालतो. २०२८ पासून येणारा गॅस हे घटक काढून घेतलेला असेल, कारण कतारला ते स्वतःच्या कारखान्यांसाठी हवे आहेत. म्हणून ओएनजीसी आता इथेन बाहेरून आणण्याच्या तयारीला लागली आहे. जगात इथेन निर्यात करणारा सर्वांत मोठा देश अमेरिका. दोह्याशी केलेल्या करारातल्या एका रासायनिक तपशिलामुळे ह्यूस्टनशी नवे नाते जोडावे लागते ते असे. वॉशिंग्टन आपल्याकडे ऊर्जाखरेदी वाढवण्याचा आग्रह सतत धरत असताना तर या तपशिलाला राजकीय वजनही येते.

झुआरीनगरपर्यंत

गोव्याचा या सगळ्याशी संबंध यजमानपणापुरता आहे, असे बेतुलच्या आसपासही अनेकांना वाटते. तसे नाही. सांकवाळजवळ झुआरीनगरला खताचा कारखाना आहे. १९७० च्या दशकापासून तो नाफ्त्यावर युरिया बनवत असे. २०१३ च्या सुमारास दाभोळ-बंगळुरू गॅसवाहिनीचा फाटा बेळगावकडून घाट उतरून गोव्यात आला आणि कारखाना गॅसवर गेला. युरियाच्या कारखान्यात गॅस दुहेरी कामाला येतो, भट्टी तापवायला आणि अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन काढायला. देशात नैसर्गिक वायूचा सर्वांत मोठा ग्राहक खत उद्योगच आहे.

२०१५ पासून युरिया कारखान्यांना देशी आणि आयात गॅस एकत्र धरून काढलेल्या सरासरी दराने मिळतो. म्हणजे नळातला नेमका रेणू दहेजचा की मुंबई हायचा, याला अर्थ नाही. कतारच्या गॅसचा दर प्रत्येक पोत्यात थोडाथोडा मिसळलेला आहे. सत्तरी-डिचोलीचा किंवा सीमेपलीकडचा दोडामार्गचा शेतकरी ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना विकत घेतो. त्याच्यासाठी ती किंमत वर्षानुवर्षे तीच राहते. गॅस बारा डॉलर झाला की फरक दिल्लीच्या अंदाजपत्रकात अनुदानाच्या रकान्यात पडतो. २०१५ ची घासाघीस यशस्वी झाली नसती तर तो रकाना किती फुगला असता, याचा हिशेब मुलांनी एकदा स्वतः कागदावर मांडावा, असा माझा आग्रह असतो. परराष्ट्र धोरण शेतीच्या अनुदानापासून वेगळे राहत नाही हे तेव्हा त्यांना दिसते.

गेल्या काही वर्षांत उत्तर आणि दक्षिण गोव्यात घरगुती गॅसचे नळही फिरू लागले आहेत. जितकी घरे जोडली जातील तितकी मागणी पक्की होत जाईल. कारखाना काही दिवस बंद ठेवता येतो, चूल बंद ठेवता येत नाही.

बेतुलनंतर

फेब्रुवारी २०२५ मध्ये कतारचे अमीर दिल्लीत आले. दोन्ही देशांचे संबंध ‘धोरणात्मक भागीदारी’च्या पातळीवर गेले, भारतात दहा अब्ज डॉलर गुंतवण्याचे कतारने जाहीर केले आणि व्यापार पाच वर्षांत दुप्पट करायचे ठरले. आपली आयात प्रचंड आणि निर्यात नगण्य, असा हा व्यापार आहे. गुंतवणुकीच्या रूपाने त्यातले काही परत मिळवण्याचा प्रयत्न योग्य दिशेचा आहे. अमिराती आणि अमेरिकेशी गॅसचे छोटे-मोठे करार झाले, म्हणजे अंडी वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवण्याचे कामही सुरू आहे. त्यातला अमिरातीचा माल कतारसारखाच होर्मुझच्या आतून निघतो, हे मात्र विसरता येत नाही.

माझी खरी तक्रार साठ्याविषयी आहे. कच्च्या तेलासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखाली गुहा खोदून ५३ लाख टनांहून अधिक साठवण केली. गॅससाठी तसा राष्ट्रीय साठा नाही. टर्मिनलच्या टाक्यांत असतो तेवढाच काय तो आधार. गॅसचा वाटा सहाचा पंधरा टक्के करायचा आणि साठा टाक्यांपुरता ठेवायचा, याचा अर्थ होर्मुझवरचे आपले अवलंबित्व अडीचपट वाढवायचे आणि त्यावर उतारा काहीच शोधायचा नाही. युरोपने २०२२ मध्ये बराचसा रशियन गॅस बंद असताना हिवाळा काढला तो मोठ्या अंशी भूगर्भातल्या साठ्यांच्या बळावर. अशा साठ्यांना पैसा लागतो, रिकामी तेलक्षेत्रे किंवा मिठाच्या गुहा लागतात, आणि दहा वर्षे आधी निर्णय घ्यावा लागतो. दर ठरवायला आपण जितका जीव टाकला त्याच्या निम्मा जरी साठवणीसाठी टाकला असता तर पुढच्या वेळी कोणा आठजणांसाठी बोलताना आपला आवाज थोडा मोकळा राहिला असता.

नव्या करारातले पहिले जहाज २०२८ मध्ये दहेजला लागेल. तोवर इथेनची वेगळी जहाजे, त्यांच्यासाठी धक्का आणि टाक्या उभ्या राहायला हव्यात. ‘दिशा’ आणि ‘राही’चे पुढे काय करायचे तेही ठरायला हवे. या वर्षीच्या वर्गाला मी लेखी प्रश्न दिला आहे तो याच दोन गोष्टींवर.